कोरडा धोटा

साल एकोणीसशे एकोणसत्तर. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. इचलकरंजीत आदूअण्णा मगदुमांच्या कारखान्यात मी कोपऱ्यात बसून कांड्या भरत होते, तेव्हा पांढरं लुगडं नेसलेली एक ठेंगणी बाई दारातून सरळ आत आली आणि मागांच्या मधोमध उभी राहून काहीतरी ओरडली. चालू मागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं तिचं कोण ऐकणार? बापू दुरुगड्यानं तिच्याकडं बघून मान हलवली आणि पुन्हा मागाकडं वळला. मग ती बाई भिंतीपाशी गेली आणि तिनं मुख्य बटण खाली ओढलं.

सगळे माग एकदम गप्प झाले. त्या शांततेत पहिल्यांदा ऐकू आला तो चन्नूमामांचा खोकला.

"आता ऐकू येतंय?" बाई म्हणाली. "मी ग्रेसबाई. नगरपालिकेच्या दवाखान्यातली. नरसू कोष्ट्याचा माग कुठला?"

नरसू म्हणजे आमचे हे. त्यांना टी.बी. असल्याचं आदल्याच आठवड्यात थुंकीच्या तपासणीत निघालं होतं आणि ते घरी पडून होते. मी उठून त्यांचे दोन माग दाखवले. ग्रेसबाईंनी मागावरचा धोटा उचलला.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि तो कापडाच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडं धावतो. कांडी संपली की विणकर माग थांबवतो, नवी कांडी घालतो, आणि तिचा धागा धोट्याच्या कुशीला असलेल्या बारीक भोकातून बाहेर काढतो. तो कसा काढायचा? भोकाला बाहेरून तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. सुर्र आवाज होऊन धागा ओठांवर येतो. आमच्याकडं त्याला धागा पिणं म्हणत. एका पाळीत माणूस किती वेळा धागा प्यायचा याची गणतीच नव्हती. दिवसपाळी संपली की तोच धोटा रात्रपाळीवाल्याच्या तोंडाला.

ग्रेसबाईंनी धोटा उजेडात धरला आणि त्या दचकल्या.

"हे भोकाशी लाल काय आहे? रक्त?"

"रक्त न्हवं बाई, पान हाय," चन्नूमामा पुढं होऊन म्हणाले. ते रात्रपाळीसाठी नुकतेच आले होते. आमच्या ह्यांचे माग रात्री तेच चालवत.

"मामांचा शिक्का हाय त्यो," बापू म्हणाला. "ज्या धोट्याला लाल भोक त्यो मामांचा. सगळ्या गावात वळखत्यात."

सगळे हसले. ग्रेसबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे नरसू दिवसा ह्याला तोंड लावायचा, आणि तुम्ही रात्री."

"आणि मग? बिन तोंडाचा धागा येतोय काय?"

"बाई म्हणत्यात नाक लावा," बापू म्हणाला.

"नाक नको. त्यातनं काय येतं ते तुझ्या बाहीवर दिसतंय मला," ग्रेसबाई म्हणाल्या, आणि बापूनं पटकन हात पाठीमागं घेतला. मग त्यांनी सगळ्यांना समोर उभं केलं. हा रोग खोकल्यातून हवेत जातो, बंद खोलीत साठून राहतो. तेव्हा आधी खिडक्या उघडा. ज्याला खोकला असेल त्यानं तोंडावर फडकं धरावं. आणि एकाच धोट्याला दोन तोंडं लावणं आजपासून बंद. त्यानं एक सोडून दहा रोग एकमेकांना मिळतात. प्रत्येकानं सकाळी थुंकी तपासायला आणून द्यावी.

"खिडक्या उघडल्या की सूत वाळतंय. धागा पटापटा तुटतोय," आदूअण्णा म्हणाले. मालक असले तरी त्यांची हयात मागावरच गेली होती.

"ओली पोती टांगा खिडक्यांना. वाराही येईल आणि ओलही राहील."

अण्णांनी जरा विचार केला. "ते जमंल."

"आणि धोट्याला तोंड?"

अण्णांनी चन्नूमामांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या कारखान्यात मालक अण्णा असले तरी उस्ताद चन्नूमामा होते. तिथल्या जवळजवळ प्रत्येकाला माग त्यांनी शिकवलेला. आमच्या ह्यांनाही.

मामांनी धोटा ग्रेसबाईंच्या हातातून हळूच काढून घेतला आणि धोतराला पुसला. "बाई, तुम्ही शिकलेल्या. पर ज्याच्यावर आमचं पोट, त्याला आम्ही उष्टा म्हणत न्हाई. आणि मला खोकला न्हाई. पानाचा ठसका हाय."

असं म्हणून त्यांनी बटण वर केलं.

*

ह्यांची खाट आम्ही पडवीत हलवली होती. ताट-वाटी वेगळी, पांघरूण वेगळं. रोज सकाळी ग्रेसबाईंकडं जाऊन इंजेक्शन घ्यायचं आणि मूठभर गोळ्या गिळायच्या. वर्षभर तरी असं चालणार होतं, आणि त्यातले निदान सहा महिने मागावर उभं राहायचं नाही असा हुकूम होता.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तर हे खाटेवर बसून वाटच बघत होते.

"अण्णांचा निरोप आला. येत्या शुक्रवारपतोर वाट बघतो म्हणाले. मग माग दुसऱ्याला देणार."

"सहा महिने ते मोकळे ठेवतील होय?"

"त्यांचं काय चुकत न्हाई. पर एकदा माग दुसऱ्याच्या हाताखाली गेला की परत मिळत न्हाई सुगंधा. मी बरा हुईन, आणि मग कुणाच्या दारात बदली म्हणून उभा ऱ्हाऊ?"

मी चूल पेटवत होते. फुंकणी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मी चालवते."

"काय?"

"माग. रेंदाळला बाबांचा हातमाग होता. मी दहाव्या वर्षापासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होते. तुमचा माग विजेवर चालतो एवढंच. धोटा धोटाच असतो."

ह्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग हसायला लागले. हसताना खोकला आला, म्हणून तोंडावर फडकं धरून हसले. "बापूचं तोंड बघायला मी पायजे हुतो तिथं."

मग एकदम गंभीर झाले. "पर मामा उष्टावण केल्याबिगार कुणाला मागावर उभं ऱ्हाऊ देत न्हाईत."

ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मूल पहिला भात खातं तशी आमच्याकडं विणकराचीही उष्टावण असे. उस्ताद नवा कोरा धोटा आणायचा. मागाला हळदकुंकू, नारळ, चौंडेश्वरी देवीचं नाव. मग उस्ताद पहिला धागा स्वतः प्यायचा, चार बोटं कापड विणायचा, आणि तोच धोटा नव्या माणसाच्या हाती द्यायचा. दुसरा धागा त्यानं प्यायचा, उस्तादाच्या तोंडाचा. मग तो त्या कारखान्याचा. पुढं भांडणं झाली, मारामाऱ्या झाल्या, तरी 'आम्ही एका धोट्याचे' एवढं म्हटलं की मिटायची.

"मामांचा ठसका रोज वाढतोय," हे खालच्या आवाजात म्हणाले. "रात्री त्यांची पाळी सुरू होताना मी ऐकलाय. माझ्यासारखाच हाय."

"मग मी काय करू?"

"माग गेले तरी चालतील. पर माझ्या वाटणीचं तू पिऊ नको."

*

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी आदूअण्णांना गाठलं. मामा, बापू, सगळे तिथंच होते. अण्णा ऐकून घेऊन कान खाजवायला लागले.

"बाईमाणूस मागावर? अगं, गावात आजून कुणी ठेवलं न्हाई."

"कापडावर लिहून येत नाही अण्णा, बाईनं विणलं का बाप्यानं," मी म्हणाले.

"वहिनी, कासोटा घालून येणार काय?" बापूनं विचारलं.

"तुझ्या बायकोनं घालायला शिकवला तर येईन."

पुन्हा हशा झाला. अण्णांनी मामांकडं तोंड केलं. "उस्ताद, तुम्ही बोला. रात्री तुमचीच पाळी हाय त्या मागांवर."

मामा खिडकीपाशी उभे होते. नवं ओलं पोतं वाऱ्यानं हलत होतं. त्यांनी मला कांडीवाली म्हणून तीन वर्षं पाहिलं होतं, पण त्या दिवशी प्रथमच नीट पाहिल्यासारखं पाहिलं.

"रेंदाळच्या शिवलिंग कोष्ट्याची लेक न्हवं का तू? त्याचं धोतर नेसलोय मी. काठ सरळ यायचा त्याचा." मग अण्णांना म्हणाले, "शुक्रवारी उष्टावण करू. पोरगी चालवंल."

मला आनंद व्हायला हवा होता. मी वाकून नमस्कार केला आणि त्याच वेळी मामा खोकले. बराच वेळ. खोकून झाल्यावर त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, ते उपरणं उलगडून पाहिलं, आणि घडी घालून कनवटीला खोचलं.

*

माझ्या आईनं मला लग्नात क्रोशाची सुई दिली होती, दाराची तोरणं विणायला. बारीक, टोकाला आकडा असलेली. त्या रात्री मी कारखान्यातला एक जुना धोटा घरी आणला होता. ह्यांनी सुईचं टोक दगडावर घासून आणखी बारीक केलं. मी बाहेरून भोकात सुई घातली, आतला धागा आकड्यात धरला आणि ओढला. आला.

"परत कर," हे म्हणाले.

मी परत केलं. तोंडानं धागा प्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त लागत होता. पण हाताला सवय झाली की तेवढ्यातच जमलं असतं. हे खाटेवर पालथे पडून मान उंच करून बघत होते, जणू कुस्तीच बघतायत.

"शुक्रवारी मामांनी धोटा दिला की मी सगळ्यांसमोर सुई काढणार," मी म्हणाले.

"मामांच्या हातातला धोटा घेऊन तोंड लावायचं न्हाई? सगळ्यांम्होरं?" ह्यांनी डोळे मिटले. "तू त्यांच्या थोबाडीत मारलीस तर ते सोसतील, पर हे न्हाई."

"मग तुम्हीच सांगा."

सुई मी देवळीत उदबत्तीच्या डब्याशेजारी ठेवली.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, लग्नातलं हिरवं लुगडं नेसून मी देवळीत हात घातला. सुई नव्हती. डब्यात पाहिलं, चुलीपाशी पाहिलं, अंथरूण झटकलं.

"अहो, माझी सुई बघितली काय?"

"असंल की हितंच कुठंतरी." हे भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

"कुठं असेल? मी इथंच ठेवली होती!"

"उशीर हुतोय तुला. मामा वाट बघत असतील."

मला रडू आलं. नवऱ्याला एवढी काळजी नसावी? परवा माझ्या वाटणीचं पिऊ नको म्हणणारा माणूस आज कूस बदलत नव्हता. तशीच निघाले. वाटेत ठरवलं, सरळ सांगायचं. मामा, माझ्या घरात एक खाट पडलीय, दुसरी पडायला नको, मला माफ करा. माग जाऊ देत. कांड्या भरून पोट भरेल तेवढं भरेल.

कारखान्यात माग बंद होते. ह्यांच्या मागाला झेंडूची माळ घातली होती. अण्णांनी नारळ आणला होता, बापू धुतलेला सदरा घालून आला होता आणि बाही खरंच स्वच्छ होती. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मामा खिडकीच्या अगदी जवळ उभे होते, तोंडावर उपरणं बांधून.

"मामा, हे काय डाकूसारखं?" बापूनं विचारलं.

"धूळ लई हाय," मामा म्हणाले.

नारळ फुटला. मामांनी नवा धोटा कपाळाला लावला. पांढराशुभ्र, कुठं डाग नाही. त्यात माझ्याच हातची कांडी घातली. मग आमच्याकडं पाठ करून खिडकीकडं वळले, उपरणं खाली केलं, धोटा तोंडाशी नेला. शांततेत सगळ्यांना आवाज आला, लांबलचक, जोरकस. सुर्र! उस्तादाचा श्वास. धागा बाहेर आला. मामांनी उपरणं वर केलं, माग चालू करून चार बोटं कापड विणलं, माग थांबवला, आणि उरलेली कांडी काढून, नवी घालून धोटा माझ्यापुढं आणला.

"मामा," मी म्हणाले. "मामा, मला एक सांगायचंय..."

"आधी प्रसाद घे." त्यांनी माझा उजवा हात धरून त्यात गूळखोबरं ठेवलं आणि माझी बोटं वरून घट्ट मिटली. "उष्टावणीला बोलायचं नसतंय."

गुळाखाली काहीतरी टोचलं.

मी खाली पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ती सुई मी पाच वर्षं हाताळत होते, तिचा आकडा मला डोळे मिटूनही ओळखता आला असता.

"डाव्या हातात धोटा धर," मामा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उजव्या हाताचा आडोसा कर, वारा लागू दिऊ नको. तोंड जवळ ने. आणि आवाज मोठा काढ. आवाज ऐकू आला पायजे, बापू तिकडं कान लावून बसलाय."

धोटा तोंडाजवळ नेताना मी त्याचं भोक पाहिलं. मामांच्या तोंडात त्या वेळीही पान होतं, उपरण्याआडून गाल फुगलेला दिसत होता. पण भोक पांढरं होतं. अगदी कोरडं.

मी सगळा जीव एकवटून आवाज काढला. सुर्र! मुठीआडून सुई आत गेली आणि धागा घेऊन बाहेर आली. तो मी दोन बोटांत धरून वर दाखवला.

"चांगभलं!" अण्णा ओरडले. बापूनं टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, पण थोडा वरच धरला, टेकवला नाही. मग ते बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की मामा गुडघ्याला तेल लावून घ्यायला जमखंडीला लेकीकडं गेलेत, महिना-दोन महिने येणार नाहीत.

*

"तुम्ही दिलीत सुई त्यांना," मी घरी आल्याबरोबर ह्यांना धरलं.

"काल तू कारखान्यात हुतीस तवा आले हुते. अंगणातच उभे ऱ्हायले. म्हणाले, पोरगी काय करणार हाय? मी म्हणालो, सुई काढणार हाय. म्हणाले, दाखव सुई. दाखवली. कनवटीला लावली आणि गेले."

"मग सकाळी सांगायला काय झालं होतं? मी रडत गेले!"

"रडत गेलीस म्हणून तर बरं झालं. हसत गेली असतीस तर बापूला संशय आला असता."

पण मामांनी असं का केलं, ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी ह्यांना जरा कणकण होती म्हणून मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. इंजेक्शनच्या खोलीबाहेर, चिंचेखालच्या बाकावर, तोंडाला उपरणं बांधून एक म्हातारा बसला होता. जमखंडीला गेलेला.

आम्हाला बघून मामा उठायला लागले, पण उठून जाणार कुठं? परत बसले.

"गुडघा," ते म्हणाले.

"हो, दिसतंय," हे म्हणाले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

आतून ग्रेसबाई डोकावल्या, आम्हा तिघांकडं पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या. पुढं एकदा मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तू माग मागितलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आला होता तुझा मामा. थुंकीची डबी पदराखाली लपवावी तशी उपरण्याखाली लपवून. मी कशी सांगणार तुला? ते त्याचं होतं."

त्या दिवशी बाकावर आम्ही नंबराची वाट बघत होतो. मग मामा चिंचेकडं बघत म्हणाले, "नरसू, तुला मी दिला का मला तू दिलास, देव जाणे. पर म्हातारा मी हाय. खोकला माझा जुना. मीच दिला असणार."

"मामा, तुम्ही मला माग दिला," हे म्हणाले. "बाकीचं मी मोजत न्हाई."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग माझ्याकडं वळून रागावल्यासारखं बोलले. "कारखान्यात बोललीस तर बघ. उस्तादानं सुई धरली म्हटलं तर पोरं म्हणतील, म्हातारा मरणाला भ्याला. आणि माझ्या हातनं उष्टावण झालेली एवढी घरं हाईत, एकेकाची बायको दारात येऊन शिव्या दील. बरा हुतो, मग माझा मीच सांगतो. तवर तू आवाज काढत ऱ्हा. मोठा काढ."

"पण मामा, बाकीचे अजून धागा पितातच ना. त्यांचं काय?"

"त्यांचं बघतील ते. बापू दिसतोय तेवढा बावळा न्हाई."

*

मामांचं खरं ठरलं. पंधराएक दिवसांनी वीज गेली आणि सगळे बाहेर ओट्यावर बसले, तेव्हा बापू माझ्याजवळ येऊन घुटमळायला लागला.

"वहिनी, एक विचारू? उष्टावणीला मामांच्या तोंडात पान हुतं."

"असेल."

"आणि धोट्याचं भोक पांढरं हुतं. अजून पांढरं हाय. मी बघितलं."

मी लुगड्यावरचं सूत झटकायला लागले.

बापूनं इकडंतिकडं पाहिलं. "तशी सुई कुठं मिळती? बायकूला तोरण विणायचंय."

"तुझ्या बायकोला विणता येतं?"

"शिकंल की! तुम्हाला काय करायचंय?"

मी त्याला बाजारातलं कटलरीचं दुकान सांगितलं. दोन दिवसांनी दुसऱ्या रांगेतला एक जण आला. त्याच्या मेव्हणीला रुमाल विणायचा होता. मग आणखी एकाच्या आईला. दुकानदारानं मला एकदा थांबवून विचारलं, "काय हो, मगदुमांच्या कारखान्यातल्या बायका काय प्रदर्शन भरवणार आहेत?" प्रत्येकजण मुठीत सुई लपवून, धोटा तोंडाशी नेऊन, खडखडाटात आवाज ऐकू जात नाही म्हणून मान झटकून धागा काढायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं की ही लबाडी आपण एकटेच करतोय. माझ्या मागापासून मला सगळ्यांच्या मुठी दिसायच्या. कुणाच्याच धोट्याचं भोक ओलं नव्हतं. आणि सगळ्यात जोरात मान झटकायचा तो बापू.

आदूअण्णा एकदा माझ्या मागापाशी थांबून बघत राहिले. मग कानाशी वाकून म्हणाले, "ह्या पोरांनी पूर्वी कवा एवढी मान हलवली न्हवती. मला सांगू नगंस. माझ्या बी मुलाला एक सुई आणून दे."

मामा आले ते थेट पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला, मागांच्या पूजेला. ग्रेसबाईंनी त्यांची थुंकी पुन्हा पुन्हा तपासून, स्वतः सोबत येऊन सोडलं. मामांचं वजन वाढलं होतं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मला टी.बी. झाला हुता. नरसूला माझ्याकडनं लागला असंल. आणि सुगंधाच्या उष्टावणीला मी धागा प्यालोच न्हाई, सुईनं काढला. कुणाला शिव्या द्यायच्या असतील त्यानं द्या."

मग बापूनं कमरेची सुई काढून मागावर ठेवली. त्याच्या शेजाऱ्यानं ठेवली. एकेक करून सगळ्यांच्या सुया बाहेर आल्या, आणि लोक एकमेकांकडं बघून असे हसायला लागले की अण्णांना पोट धरून खाली बसावं लागलं. ग्रेसबाई त्या दिवशी हसल्या. आमच्या कारखान्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

*

चन्नूमामा त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगले आणि म्हातारपणानं गेले, टी.बी.नं नाही. शेवटपर्यंत पान खायचे. आदूअण्णांनी कारखाना वाढवला, पुढं मुलाच्या हाती दिला. बापूची बायको खरंच क्रोशा शिकली. तिची तोरणं आमच्या गल्लीत अजून चार दारांवर आहेत. बापू गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ग्रेसबाई निवृत्त होऊन मिरजेला राहायला गेल्या. दर नाताळला त्यांचा केक यायचा आणि आमच्याकडून करंज्या जायच्या. मग एका वर्षी केक आला नाही.

हे दुसऱ्या वर्षी मागावर परत उभे राहिले. आदूअण्णांनी त्यांना शेजारचे दोन दिले, कारण मी माझे सोडले नाहीत. हे बहात्तर वर्षांचे होऊन गेले. मला आता कमी ऐकू येतं, मागांनी कान घेतले.

मागच्या पाडव्याला अण्णांचा नातू मला पूजेला कारखान्यात घेऊन गेला. आता बहुतेक ठिकाणी बिनधोट्याचे माग आलेत, पण त्यानं चार जुने ठेवलेत. त्यांवर ओडिशाकडचा एक विणकर होता, लाबण्य त्याचं नाव. कांडी संपली तसा त्यानं माग थांबवला, कमरेची सुई काढली, धोटा तोंडापासून वीतभर दूर धरला, मान झटकली, आणि ओठांचा चंबू करून आवाज काढला. मग सुईनं धागा ओढला.

मी त्याला विचारलं, सुईनंच काढायचं तर तोंडानं आवाज कशाला?

त्याला ते कुणीच सांगितलं नव्हतं. "मौसी, यहाँ का रिवाज है," तो म्हणाला. "पहले आवाज, फिर धागा. नहीं तो धागा टूटता है।"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पण जरा मोठा काढ."